एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) की धर्मशिक्षणात एम.ए.? पूर्ण वेळ सेवेसाठी नेमकं काय शिकावं?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी,

हा विषय इथे कितपत चालेल ठाऊक नाही. पण सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकलेले काहीजण इथे वावरतात हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारते.

माझी पदवी विज्ञानाची, नोकरी कार्यालयातली. रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते, दहा-बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग. आता नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवेत यायचं आहे. घरच्यांशी बोलणं झालं, प्रार्थना झाली, आता अर्ज भरायची वेळ आली आणि तिथेच गाडी अडली.

आमचे पाळक म्हणतात, "एम.डिव्ह. कर, बाकी सगळं त्यात येतंच." मैत्रीण म्हणते, "तुला शिकवायचंच आहे ना, मग ख्रिस्ती शिक्षणात एम.ए. कर आणि दोन वर्षांत मोकळी हो." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण दोघांनाही मी प्रत्यक्षात कुठलं काम करणार हे माहीत नाही. खरं तर मलाही ते पुरतं माहीत नाही. मुलांना शिकवायला आवडतं, पण हल्ली मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांचेच प्रश्न जास्त येतात. मृत्यू, आजारपण, घटस्फोट. तिथे मला काही बोलता येत नाही.

तर या अभ्यासात खरोखर शिकवतात काय? ग्रीक-हिब्रू, म्हणजे बायबलच्या मूळ भाषा, टाळता येतं का? एम.ए. करून पाळकपदाची दीक्षा मिळते का? आणि घरबसल्या ऑनलाइन केलं तर चालतं का? फी आणि व्हिसा यांची चर्चा या धाग्यात नको, कारण देशच अजून ठरलेला नाही.

मंडळीचा_पाळक:

ताई, दीक्षेचा प्रश्न तुम्ही तिसरा विचारलात, पण तो आधी सुटायला हवा.

सेमिनरी पदवी देते, दीक्षा मंडळी देते. एकाच वर्गात बसलेल्या, सारखेच गुण मिळवलेल्या दोघांपैकी एकाला दीक्षा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, असं सर्रास होतं. कारण पात्रता ठरवणारी समिती सेमिनरीची नसते, त्या त्या ख्रिस्तसभेची, म्हणजे पंथाची, असते. काही सभांना दीक्षेसाठी एम.डिव्ह. लागतेच. काहींना स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षा पुरते. काहींना पदवीच लागत नाही, वडीलजनांनी हात ठेवले की झालं. म्हणून पहिलं पत्र सेमिनरीला लिहू नका, तुमच्या सभेच्या त्या समितीला लिहा. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो: काही सभा स्त्रियांना दीक्षा देतात, काही देत नाहीत. तुमची सभा कुठे बसते ते आजच विचारा. तीन वर्षं घालवून मग कळण्यात अर्थ नाही.

आता एम.डिव्ह. म्हणजे काय. अमेरिका-कॅनडातल्या सेमिनरींना मान्यता देणारी जी संस्था आहे, असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, तिच्या नियमांत या पदवीला किमान ७२ सेमिस्टर क्रेडिट्स लागतात. पूर्ण वेळ शिकलात तर साधारण तीन वर्षं. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र, उपदेशशास्त्र, उपासना, पाळकीय समुपदेशन, प्रशासन आणि बरोबर देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम. व्यावसायिक एम.ए.ला किमान ३६ क्रेडिट्स, म्हणजे बरोबर निम्मी.

नावांनी गोंधळू नका. हीच पदवी पूर्वी तिकडेही बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) म्हणून ओळखली जायची. १९६०-७० च्या सुमारास तिथल्या सेमिनरींनी नाव बदलून एम.डिव्ह. केलं. आपल्याकडे बंगालमधल्या सेरामपूरची सिनेट मात्र आजही बी.डी. देते आणि त्यापुढे एम.टी.एच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी). 'बॅचलर' शब्द दिसला म्हणून तिला कमी लेखू नका. सेरामपूर कॉलेज १८१८ चं, आणि पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला, तेव्हा तो गाव डॅनिश वसाहत होता.

कुतूहल:

मी ख्रिस्ती नाही, देवाशीही माझं फारसं जमत नाही. तरी धागा वाचतोय कारण एक शंका बऱ्याच दिवसांची आहे. हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे का? म्हणजे श्रद्धेचा पेपर तपासतात कसा? "विश्वास : उत्तम, आशा : बरी, प्रीती : पुन्हा परीक्षेस बसावे" असं काही?

पानोपानी:

कुतूहल, हसलो. पण तुमची शंका दोनशे वर्षं जुनी आहे आणि ती घेणारी माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा मोठी होती.

१८१० मध्ये बर्लिनला नवं विद्यापीठ निघालं तेव्हा हाच वाद होता: ज्ञान-विज्ञानाच्या घरात ईश्वरविज्ञानाला खोली द्यायची का? तिथले ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक श्लायरमाखर यांनी १८११ मध्ये एक छोटी रूपरेषा छापून त्याचं उत्तर दिलं. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की वैद्यक आणि कायदा जसे समाजातल्या एका गरजेसाठी ज्ञानाच्या निरनिराळ्या शाखा एकत्र आणतात, तसंच ईश्वरविज्ञान मंडळीच्या नेतृत्वाच्या गरजेसाठी आणतं. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान हे सगळं इतर विभागांत असतंच. त्यांना एकत्र बांधतं ते काम. म्हणून त्यांच्या आराखड्यात तत्त्वज्ञानात्मक, ऐतिहासिक आणि व्यावहारिक असे तीन भाग होते, आणि पहिल्या आवृत्तीत व्यावहारिक भागाला त्यांनी सगळ्या अभ्यासाचा मुकुट म्हटलं होतं. पुढे विद्यापीठांनी मुकुट काढून कोपऱ्यात ठेवला, ती वेगळी रडकथा.

पेपरबद्दल. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रातल्या एखाद्या उताऱ्यावर निबंध लिहायचा असेल तर तपासलं जातं ते हे: मूळ भाषेतले पाठभेद पाहिले का, लेखक कुणाशी वाद घालतोय ते ओळखलं का, मागच्या भाष्यकारांशी न्यायाने वागलात का, तुमचा निष्कर्ष उताऱ्यातून निघतो की तुम्ही तो बाहेरून आत कोंबलाय. तुमची श्रद्धा किती हे कुणी मोजत नाही.

कुतूहल:

म्हणजे विश्वास नसलेला माणूस वर्गात पहिला येऊ शकतो?

पानोपानी:

येऊ शकतो. येतातही.

मंडळीचा_पाळक:

आणि दीक्षेच्या मुलाखतीत अडकतात. वर लिहिलंच आहे, दोन वेगळी दारं आहेत.

धूपदाणी:

पाटीपेन्सिल, मी कॅथलिक आहे, व्रतस्थ नाही, प्रापंचिक बाई. धर्मशिक्षणातच एम.ए. केलं आणि सध्या धर्मशिक्षकांना शिकवते. पाळकांच्या "बाकी सगळं त्यात येतंच" या वाक्यावर मला बोलायचंय. रागावू नका, पण हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलंय.

येत नाही त्यात. बऱ्याच एम.डिव्ह. अभ्यासक्रमांत ख्रिस्ती शिक्षणाचा जेमतेम एखादा पेपर असतो, तोही ऐच्छिक. त्यातून असा समज पसरतो की धर्मशिक्षण म्हणजे मुलांना कागद कापून नोहाचं तारू करायला लावणं, आणि त्यासाठी काय पदवी लागते?

या विषयाचा इतिहास पाहिला तर उलटं चित्र दिसतं. सुरुवातीच्या शतकांत धर्मशिक्षण मुख्यतः मोठ्यांचंच होतं. बाप्तिस्म्याची तयारी करणारी प्रौढ माणसं, आणि त्यांना शिकवणारे खुद्द बिशप. चौथ्या शतकाच्या मध्यावर जेरुसलेमच्या सिरिलने दिलेली अशी व्याख्यानं आजही उपलब्ध आहेत. इ.स. ४०० च्या आसपास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने (पाळकाच्या हाताखालचा सेवक) बिशप ऑगस्टिनकडे तक्रार केली की नवख्यांना शिकवताना माझं बोलणं मलाच कंटाळवाणं वाटतं. ऑगस्टिनने उत्तरादाखल आख्खं पुस्तक लिहिलं. शिकवणारा का कंटाळतो, समोरचा का पेंगतो, अशिक्षिताशी कसं बोलावं आणि पढिकाशी कसं, उभं राहून थकलेल्याला बसायला द्यावं, असलं सगळं त्यात आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे पुस्तक वाचताना माझे विद्यार्थी मान डोलवतात.

लूथरचंही तेच. १५२७-२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी झाली आणि लोकांना, एवढंच काय काही पाळकांनाही, प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नाही हे दिसलं. मग १५२९ मध्ये दोन प्रश्नोत्तर-पुस्तकं आली. लहान पुस्तक घरातल्या कर्त्या माणसाने घरात शिकवायचं म्हणून. संडे स्कूलची गोष्ट तर तुम्हाला माहीत असेलच: रॉबर्ट रेक्स, ग्लॉस्टर, १७८०. आठवडाभर कामावर जाणाऱ्या पोरांना रविवारी वाचायला शिकवणं, ही मुळात साक्षरतेची चळवळ.

विद्यापीठीय विषय म्हणून धर्मशिक्षण उभं राहिलं ते नंतर. १८४७ मध्ये होरेस बुशनेल या अमेरिकन पाळकांनी म्हटलं की ख्रिस्ती घरातलं मूल आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असं आठवूच नये, अशा रीतीने वाढावं. तेव्हा सगळीकडे एका रात्रीत पालट घडवणाऱ्या संजीवन सभांचा जोर होता, त्यामुळे केवढा गदारोळ झाला असेल कल्पना करा. पुढे १९०३ मध्ये शिकागोत रिलिजस एज्युकेशन असोसिएशन स्थापन झाली. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि ईश्वरविज्ञान एका टेबलाशी बसवायची ती खटपट अजून चालू आहे आणि भांडणंही.

तुम्ही लिहिलंत की आईवडील प्रश्न घेऊन येतात आणि बोलता येत नाही. माझ्या मते तुमचा खरा विषय तोच आहे, प्रौढांचं धर्मशिक्षण. ते एम.डिव्ह.च्या उरलेल्या वेळात होत नाही.

मंडळीचा_पाळक:

रागावलो नाही. आमच्याकडे एकच पेपर होता आणि तो शनिवारी दुपारी असायचा, यावरून काय ते समजा.

पण व्यवहाराची एक बाजू राहिली. धर्मशिक्षणात एम.ए. केलेल्या माणसाला बऱ्याच मंडळ्या "मुलांच्या ताई" याच्या पलीकडे जागा देत नाहीत. निर्णय पाळक आणि वडीलजन घेणार, ताई पत्रिका छापणार. पैसे कमी पडले की पहिली जागा त्यांचीच जाते. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण पाटीपेन्सिलताईंनी हे डोळ्याआड करू नये.

धूपदाणी:

मान्य. म्हणून तर म्हणते, पदवीआधी जागा पाहा. आमच्याकडे २०२१ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाची सेवा ही रीतसर स्थापित सेवा म्हणून जाहीर केली, तीही प्रापंचिकांसाठी. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय बदललं ते बिशपागणिक वेगळं.

कुतूहल:

धूपदाणी, 'शिक्षण' म्हणता ते आणि 'संस्कार' म्हणतात ते, यात फरक काय? मला शाळेत गणित शिकवलं तेव्हा "गणितावर विश्वास ठेव" असं कुणी म्हटलं नव्हतं.

पानोपानी:

मध्येच येतो, कारण या प्रश्नावर निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरं दिलीत आणि पाटीपेन्सिल यांनी कोर्सचं नाव वाचताना ते लक्षात घ्यायलाच हवं.

जर्मनीत १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या सातव्या कलमानुसार धर्म हा सरकारी शाळांतला नियमित विषय आहे आणि तो त्या त्या धर्मसंघाच्या तत्त्वांना धरून शिकवतात. त्यामुळे तिथे धर्मशिक्षणशास्त्र विद्यापीठात शिकणारे बरेचजण शाळामास्तर होतात. इंग्लंडमध्येही हा विषय शाळेत आहे, पण १९७० नंतर त्याचं वळण बदललं. धर्म आतून रुजवायचा नाही, धर्मांबद्दल समजून घ्यायचं, आणि एकाच नाही तर अनेक धर्मांबद्दल. अमेरिकेत १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सरकारी शाळांतलं भक्तिपर बायबलवाचन बंद झालं, पण त्याच निकालात धर्माचा अभ्यास म्हणून अभ्यास करायला हरकत नाही असंही म्हटलंय. त्यामुळे तिथे 'धर्मशिक्षण' म्हटलं की मुख्यतः मंडळीतलं आणि धार्मिक शाळांतलं.

म्हणजे एकाच नावाची एम.ए. एका ठिकाणी शाळेच्या वर्गाची तयारी असते आणि दुसऱ्या ठिकाणी मंडळीतल्या सेवेची. विषयपत्रिका उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

धूपदाणी:

कुतूहल यांना माझंही उत्तर. आमच्या अभ्यासात हा प्रश्न टाळत नाहीत, त्यावरच वर्षभर भांडतात. थॉमस ग्रूम यांची जी पद्धत १९८० पासून शिकवली जाते तिच्यात वर्ग पवित्र शास्त्रापासून सुरूच होत नाही. आधी माणसं आपण सध्या कसं जगतो ते सांगतात, मग असं का जगतो याची चिकित्सा करतात, मग परंपरेची कथा समोर ठेवली जाते, मग दोन्हींची एकमेकांशी झटापट, आणि शेवटी ज्याचा त्याचा निर्णय. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाऊलो फ्रेइरे यांचा प्रभाव उघड दिसतो. यात शिकणाऱ्याला "नाही पटलं" म्हणायची जागा आहे. प्रत्येक वर्गात ती जागा खरोखर दिली जाते असा दावा मी करणार नाही.

जेम्स फाउलर यांनी मांडलेल्या, श्रद्धा वयानुसार कशी वाढते याच्या सहा पायऱ्या (१९८१) तर सगळीकडेच शिकवतात. मला त्या निम्म्याच पटतात. पौगंडावस्थेतली उधार श्रद्धा आणि नंतर ती तपासून बघण्याचा काळ, एवढं निरीक्षण वर्गात रोज खरं ठरतं. पण मुलाखती मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या लोकांच्या, आणि माणूस विचार कसा करतो यावर सगळा भर. म्हातारी बाई माळ ओढत बसते तिची पायरी कुठली, हे त्या तक्त्यात सापडत नाही.

रातपाळी:

रुग्णालयात चॅप्लिन आहे, म्हणजे रुग्णांच्या आध्यात्मिक सोबतीसाठी नेमलेला माणूस. उशिरा आलो, थोडक्यात लिहितो म्हणत लांबेल.

पाटीपेन्सिल, मृत्यू-आजारपण-घटस्फोट यांपुढे बोलता येत नाही असं लिहिलंत. वरच्या दोघांनी कुठली पदवी ते सांगितलं. मी म्हणेन, जी घ्याल तिच्यात सी.पी.ई., म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, करता येतं का ते बघा. एका युनिटला साधारण ४०० तास. त्यातले बरेचसे वॉर्डात, उरलेले छोट्या गटात एका प्रशिक्षित पर्यवेक्षकाबरोबर.

याची सुरुवात अँटन बॉइसेन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात केली. ते स्वतः आधी मनोरुग्ण म्हणून भरती राहिलेले होते. त्यांचं म्हणणं, सेमिनरीचा विद्यार्थी ग्रंथ जितक्या बारकाईने वाचतो तितक्याच बारकाईने त्याने खाटेवरचं माणूस वाचायला शिकावं. 'जिवंत मानवी दस्तावेज' हा त्यांचा शब्द.

पद्धत अशी. तुम्ही रुग्णाला भेटता. टिपणं घ्यायची नाहीत, रेकॉर्ड करायचं नाही. बाहेर आल्यावर आठवून सगळं लिहायचं: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे गप्प झालो, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. याला व्हर्बेटिम म्हणतात. मग ते गटात वाचायचं. आणि तिथे सोलून निघता. समजा बाई म्हणते, "मुलगा भेटायला येत नाही," आणि तुम्ही लिहिलेलं असतं, "देव तुमच्याबरोबर आहे." पर्यवेक्षक एवढंच विचारतो: "देवाला इथे कुणी बोलावलं? तिने की तुझ्या घाबरण्याने?" उत्तर देता येत नाही. पुढच्या भेटीत तुम्ही तेच वाक्य तोंडात येताच गिळता आणि विचारता, "मुलाचं नाव काय?"

यात ईश्वरविज्ञान कुठे, असं विचारलं जातं. त्या गिळलेल्या वाक्यात. दुःखात देव कुठे असतो याबद्दल तुमची जी खरी समजूत आहे ती परीक्षेच्या पेपरात दिसत नाही, व्हर्बेटिममध्ये दिसते.

चॅप्लिन म्हणून प्रमाणित व्हायचं तर अमेरिकेत साधारण अशी चार युनिटं लागतात. पाळक किंवा शिक्षक होणाऱ्याला एकही पुष्कळ. बऱ्याच सेमिनरी एम.डिव्ह.मध्ये ते धरतात, काही सक्तीचं करतात. एम.ए.वाल्यांना विचारून घ्यावं लागतं.

पाटीपेन्सिल:

रातपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "देव तुमच्याबरोबर आहे" हे वाक्य मी कितीजणांना ऐकवलंय ते आता मोजत बसणार नाही.

एक विचारू? हे गटात सोलणं सगळ्यांना झेपतं का?

रातपाळी:

नाही. चांगला पर्यवेक्षक असेल तर झेपेल इतकंच सोलतो. वाईट असेल तर गटाची भट्टी होते आणि कोवळी माणसं करपतात. म्हणून तिथे आधी शिकलेल्यांना फोन करून पर्यवेक्षकाबद्दल विचारा. संस्थेच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

एक_काना_दोन_मात्रा:

ग्रीक-हिब्रूबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून माझी हजेरी. टाळता येतं. बऱ्याच एम.ए.मध्ये नसतंच, अनेक एम.डिव्ह.मध्येही आता एकच भाषा किंवा ऐच्छिक. पण काही सभा दीक्षेसाठी दोन्ही मागतात, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेत हा आग्रह जुना आहे.

टाळू नका असं माझं मत. कारण पांडित्य मिरवता यावं म्हणून नाही. पवित्र शास्त्रावर आपला हक्क आहे, ते आपल्याला कळतंच, असा जो एक घट्ट समज असतो, तो पहिल्याच सत्रात ढिला होतो. हिब्रू क्रियापद काळ सांगायला तयार नसतं, आणि तुम्ही तिथे बोट ठेवून बसलेले. शिकवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी असं पुन्हा अक्षरओळखीच्या वर्गात बसावं.

अवांतर: जुन्या करारातला योना चार अध्यायांचाच आहे आणि मजेदार आहे. हिब्रू शिकून पहिलं सलग वाचायला तोच घ्या.

सही_शिक्का:

ऑनलाइनचा प्रश्न. उत्तर हो, पण नीट वाचा.

दूरस्थ धर्मशिक्षण ही संगणकाची देणगी नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालात एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीला कळलं की शहरात येऊन निवासी शिकलेले तरुण खेड्यांत परतत नाहीत, आणि खेड्यांत जे खरे पुढारी आहेत ते घर-शेत सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत. म्हणून सेमिनरीच त्यांच्याकडे गेली: घरी स्वाध्याय, आठवड्याला एक गटभेट, आणि शिकलेलं लगेच आपल्या मंडळीत वापरायचं. ही पद्धत पुढे जगभर पसरली. तुम्ही आधीपासून वर्ग घेताय, म्हणजे तुमच्यासाठी वाईट नाही.

पण मान्यता तपासा. धार्मिक पदव्यांच्या बाजारात बनावट दुकानं फार. कित्येक ठिकाणी धार्मिक संस्थांना पदव्या देण्याबाबत कायद्यात सवलत असते, तिचा गैरफायदा घेतात. "जीवनानुभवाच्या आधारे सहा महिन्यांत डॉक्टरेट" दिसलं की खिडकी बंद करा. संस्थेच्या संकेतस्थळावर मान्यतेचं चिन्ह दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत तिचं नाव शोधा. आणि मान्यता देणारी संस्थाही खरी आहे का ते बघा, काही दुकानं आपली मान्यताही स्वतःच छापतात.

डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) बद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो, पुढे कानावर पडेलच. ती सेवेतल्या माणसांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट आहे, आधी बहुधा एम.डिव्ह. किंवा सेवेशी संबंधित दुसरी पदव्युत्तर पात्रता लागते. संशोधक प्राध्यापक व्हायचं तर पी.एच.डी. किंवा टी.एच.डी. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी).

मंडळीचा_पाळक:

ऑनलाइनला माझा एकच आक्षेप. ग्रंथ घरी वाचता येतो, उपासनेत एकत्र बसणं, भोजनगृहातलं भांडण, शेजारच्या खोलीतल्याची श्रद्धा मध्यरात्री डळमळते तेव्हा जागत बसणं, हे घरी होत नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक बिशपांना सेमिनरी काढायला सांगितल्या तेव्हा एकत्र राहणं हाच त्यातला गाभा होता. आम्ही प्रोटेस्टंटांनी बाकी पुष्कळ नाकारलं, हे उचललं.

सही_शिक्का:

पाळकसाहेब, घरी दोन मुलं आणि म्हातारे सासूसासरे असलेल्या बाईला तो गाभा कसा परवडावा?

मंडळीचा_पाळक:

बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही. काही संस्था वर्षातून दोन-तीनदा आठवडाभर एकत्र बोलावतात आणि बाकी ऑनलाइन घेतात, ते त्यातल्या त्यात बरं.

धूपदाणी:

एकत्र राहण्याचेही तोटे आहेत हो. बरीच वर्षं फक्त भावी धर्मगुरूंमध्ये राहिलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला घरभाडं, पाळणाघर आणि चिडकी बायको या गोष्टी पुस्तकातूनच माहीत असतात. आमच्याकडे तत्त्वज्ञानाची दोन आणि ईश्वरविज्ञानाची चार, अशी किमान सहा वर्षं असतात. मी ज्यांच्याबरोबर शिकले त्यांत सगळ्यात चांगले प्रश्न परिचारिका आणि शिक्षिकांनी विचारले.

पाटीपेन्सिल:

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या सभेच्या समितीला ईमेल केली. उत्तर आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आलं: स्त्रियांना दीक्षा आहे, त्यासाठी एम.डिव्ह. किंवा बी.डी. हवी, शिक्षणसेविका म्हणून नेमणूक एम.ए.वरही होते पण त्या पदाला मंडळीच्या समितीत मत नाही. पाळकसाहेबांनी लिहिलं होतं तेच, फक्त अधिकृत भाषेत.

आता माझं असं चाललंय: मला व्यासपीठावरून उपदेश करायची ओढ नाही, पण जिथे शिकवण्याबद्दल ठरतं तिथे मत हवंय. म्हणजे एम.डिव्ह., पण शिक्षणाकडे झुकलेली. असं असतं का? आणि आधी एम.ए. सुरू करून मग वळता येतं का? विषयपत्रिका वाचताना काय बघू?

पानोपानी:

असतं. अनेक ठिकाणी एम.डिव्ह.मध्ये एका विषयावर भर देता येतो, आणि शिक्षण हा त्यातला एक असतो. काही ठिकाणी दोन्ही पदव्या जोडून चार वर्षांत देतात. सेरामपूर पद्धतीत आधी बी.डी. आणि मग एम.टी.एच.ला 'ख्रिस्ती सेवाकार्य' शाखेत ख्रिस्ती शिक्षण घेता येतं, तिथेच पाळकीय समुपदेशनाचाही पर्याय आहे.

विषयपत्रिकेत पेपरांची नावं सगळीकडे सारखीच गोंडस असतात. त्यापेक्षा शिकवणाऱ्यांची यादी बघा. शिक्षणाचा प्राध्यापक पूर्ण वेळ आहे की बाहेरून येणारा? त्याचं शेवटचं लेखन कधीचं आणि कशावर? आणि ग्रंथालय.

धूपदाणी:

प्रौढ शिक्षणाचा स्वतंत्र पेपर आहे का बघा. विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल काही आहे का. आणि लहान मुलांसाठी सोफिया कावाल्लेत्ती यांची पद्धत शिकवतात का. १९५४ मध्ये रोममध्ये माँटेसरीच्या पायावर सुरू झालेली, मुलाला गोष्ट सांगून तिचं तात्पर्य न सांगता थांबणारी. तात्पर्य न सांगणं शिकायला मला पदवीहून जास्त वेळ लागला.

रातपाळी:

देखरेखीखालच्या कामाला किती क्रेडिट्स आहेत, पर्यवेक्षक कोण, आणि तुमचं लिहिलेलं कोण वाचतं. "विद्यार्थ्याने आपल्या मंडळीत सेवा करावी व पाळकाची सही आणावी" एवढंच असेल तर ते देखरेखीखालचं काम नाही, हजेरी आहे.

सही_शिक्का:

एम.ए.वरून एम.डिव्ह.कडे वळता येतं, एकाच संस्थेत असाल तर बरंच सोपं. मात्र किती क्रेडिट्स धरणार, एम.ए. पूर्ण करून आलात तर कमी धरणार का, आणि किती वर्षांपूर्वीची चालतात, हे तिन्ही प्रवेशाआधी विचारा. तोंडी नको, ईमेलवर घ्या आणि ती ईमेल जपून ठेवा. प्रवेश कार्यालयातली माणसं बदलतात.

कुतूहल:

अवांतर प्रश्न आणि मग मी निघतो. तो ऑगस्टिनचा कंटाळ्यावरचा ग्रंथ ख्रिस्ती नसलेल्याने वाचला तर चालेल ना? मी महाविद्यालयात सांख्यिकी शिकवतो.

धूपदाणी:

धावेल. निम्मं पुस्तक तुमच्याच वर्गाबद्दल आहे.